ओढ्याच्या पलीकडे

नाना, शिरसाष्टांग नमस्कार वगैरे लिहीत नाही. कंबर वाकत नाही आता, खोटं कशाला लिहायचं. मी मोंबाशाला आहे. तुमची नात लग्न होऊन समुद्रापलीकडे नांदायला गेली ते हे गाव. तुम्ही शेवटपर्यंत त्याला 'ते आफ्रिकाबिफ्रिका' म्हणत होता. तिच्याच घराच्या पडवीत बसून लिहितेय. दुपार आहे, पोरं शाळेत गेलीत, जावई रेल्वेच्या ऑफिसात, लेक आत जरा पडलीय. गंगाखेडहून भावजयीचं पत्र आल्यापासून मला धड जेवण जात नाही. तुमच्या धाकट्याला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं. त्याची मुलं लांब नोकरीला, सुना त्यांच्यापाशी, आणि भावजय स्वतः गुडघ्यांनी हैराण. लिहिते, "वन्सं, माझ्या एकटीच्यानं व्हईना. तुमीच या आता." पुढच्या आठवड्यात आगबोट सुटते. जायचं असेल तर उद्या सकाळी जावयांना सांगायला हवं, म्हणजे ते जागा मिळवतील. म्हणून आज तुमच्यापाशी बसलेय. विचारायचं तर दुसरं कोण उरलंय मला.

तुम्ही म्हणाल, भाऊ अंथरुणावर पडलाय, यात विचारायचं ते काय. तेच तर आहे नाना. जाऊन बघून यायचं असतं तर मी केव्हाच उठले असते. पण मी गेले की परत येणं होणार नाही, हे मला चांगलं कळतंय. अर्धांगाचं माणूस वर्षानुवर्षं तसंच असतं. एकदा मी तिथं पदर खोचला की भावजय सुटकेचा निःश्वास टाकणार, शेजारपाजार म्हणणार बरं झालं ताई आल्या, आणि पुढचं सगळं आयुष्य माझं त्या माजघरात जाणार. मी लय थकलेय हो. हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. भाऊ तिकडे पडलेला आणि ही म्हणते मी थकले, असं लोक म्हणतील, आणि त्यांचंही काही चुकत नाही.

साथीच्या तापात माझा नवरा गेला तेव्हा लेक कडेवर होती. तुम्ही मला परत घरी आणलंत, लोकांची बोलणी खाऊन शिकवलंत आणि परभणीच्या मुलींच्या शाळेत चिकटवून दिलंत. त्या उपकारांबद्दल मी कधी काही बोलले नाही, आताही बोलत नाही. पण विधवा बाई, त्यातून मिळवती, म्हणजे सगळ्या गोतावळ्याची हक्काची. शाळेला सुट्टी लागायचा अवकाश, माझी वळकटी बांधलेली. कुणाचं बाळंतपण आहे, ताईला बोलवा. कुणाची मुंज आहे, श्राद्धाचा स्वयंपाक आहे, पापड लाटायचेत, ताईला बोलवा. झरीच्या आत्याचं शेवटचं आजारपण तर मीच काढलं, तिला स्वतःच्या सुना असताना. कुणी वाईट नव्हतं त्यात. सगळे मायेनंच बोलवायचे, म्हणून नाही म्हणता यायचं नाही.

वजिफा झाला, जावई ज्याला पेन्शन म्हणतात, तेव्हा लेकीनं लिहिलं की लढाई संपलीय, आगबोटी सुरू झाल्यात, आई तू इकडेच ये कायमची. मी ते पत्र पिठाच्या डब्यावर ठेवून दिलं आणि हसले. जावयाच्या दारी जाऊन राहायचं, लेकीच्या घरचं अन्न खायचं, तेही समुद्रापलीकडे. ऐकेल तो तोंडात बोट घालणार. घातलंच लोकांनी. मी तर मनमाडच्या पुढं कधी गेले नव्हते. तिथं मोगलाई संपते आणि पुढं इंग्रजांचा मुलूख, एवढंच मला ठाऊक. जावयांना मी लग्नात पाहिलेलं, नंतर नुसत्या फोटोत. माणूस कसा निघेल, कोण सांगणार. तरी एके दिवशी शाळेवरून जाताना आतल्या पोरींचा पाढ्यांचा आवाज ऐकला, वाटलं आत्ता कुणीतरी मला आत बोलावणार, आणि तिथल्या तिथं ठरवलं की जायचं. धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात. डोळे मिटले आणि उडी टाकली.

परभणीच्या स्टेशनवर धाकटा पोचवायला आला होता. सबंध वेळ त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, हमालाशीच वाद घालत राहिला. सामान चढवून झालं, मी खिडकीशी बसले, तेव्हा गजाला धरून म्हणाला, "ताई, जायलीस तर जा. पण आमी बोलावलं तर येशील का?" मी येईन म्हणाले. गाडी सुटायच्या वेळी माणूस दुसरं काय म्हणणार. तोच हात आता गेलाय, गजाला धरलेला.

बोटीत माझे जे हाल झाले ते जाऊ द्या. लिंबं संपली, देवाची नावं संपली. पण इथं आले आणि पहिल्याच दिवशी लेकीनं बजावलं की आई, चुलीपाशी यायचं नाही. पडवीत एक वेताची खुर्ची आहे, ती माझी. जावई मोठा देवमाणूस निघाला, नाना. न बोलता तंबाखूची मिश्री आणून ठेवतो, आणि आणली असं दाखवत नाही. पहिले काही दिवस मी उगीच दचकून उठत होते, कुणी हाक मारली का म्हणून. कुणी मारलेली नसायची. गावाकडची पत्रं यायची, त्यात कुणाचं काही असलं तरी ते होऊन महिना उलटलेला. मग हळूहळू मला बसता यायला लागलं. नुसतं बसणं काय असतं, ते मला या वयात कळतंय. समुद्र इथून दिसत नाही, वारं आलं की वास येतो. ज्वारी मिळते, तांबडी, भाकर जरा चिरते तिची. सुख म्हणजे एवढंच, आणि ते मला सोडवत नाही.

आणि इथं बसल्या बसल्याच तुमचं कोडं मला पुरतं उलगडलं. लहानपणीचे तुम्ही आठवता ते कायम ताटावरून उठलेले. तहसिलीत पेशकार, कागद पुढं ठेवणारे, साहेबांचा उजवा हात. चपराशी दारात येऊन हळूच म्हणायचा, साहेबांनी याद केलंय, आणि तुम्ही हात धुऊन टोपी चढवायचा. साहेबांचे दौरे असायचे, आज राणीसावरगाव, उद्या आणखी कुठं. तिथं तंबूमागं तीन दगडांची चूल मांडून तुम्ही सोवळ्यानं आपलं पिठलं-भाकर करून खायचा. आई शेवटची आजारी होती, मी तिच्या पायाशी बसलेय, तुम्ही उशाशी, आणि चपराशी दारात येतो. तुम्ही तिच्या कपाळावर हात ठेवता आणि उठता. तुम्ही परत आलात तेव्हा तिला खाली काढून ठेवलं होतं. तुम्ही कुणावर चिडला नाहीत. टोपी खुंटीला लावलीत आणि तिच्याजवळ बसून राहिलात.

मग तुमचा वजिफा झाला, आणि तुम्ही गंगाखेडच्या घाटावर भटजींसमोर क्षेत्रसंन्यास घेतलात. मरेपर्यंत या क्षेत्राची हद्द ओलांडणार नाही, असं व्रत. एका अंगाला गंगा, आपल्या गोदावरीला आपण गंगाच म्हणतो, आणि दुसऱ्या अंगाला गावाबाहेरचा ओढा. रोज संध्याकाळी छत्री घेऊन तुम्ही ओढ्यापर्यंत जायचा, काठावरच्या दगडावर बसायचा आणि मागं फिरायचा. लोक पाया पडायचे, तुम्ही त्यांच्यावर खेकसायचा. मला वाटायचं, नानांना म्हातारपणी देव सापडला.

म्हणून तर तुमच्या नातीच्या लग्नात मी एवढी भडकले. तिचा बाप नाही, कन्यादानाला आजोबा उभे राहावेत, एवढंच माझं मागणं होतं. लग्न परभणीला. व्याही गंगाखेडला यायला तयार नव्हते, आणि तुम्ही ओढा ओलांडायला तयार नव्हता. मी येऊन रडले, भांडले, तुमच्या देवाला नाही नाही ते बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, धाकटा उभा राहील. तो राहिलाही. अंतरपाटाच्या वेळी मी दाराकडं बघत होते. तुम्ही आला नाहीत, आणि मी मनाशी म्हणाले की आता माझ्यासाठी हा माणूस संपला.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत लेक नवऱ्यामागं बोटीनं इकडं आली. मी मुंबईला गेले नाही, परभणीलाच स्टेशनवर निरोप दिला. घरी आले आणि चूल पेटवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शाळेत ताप आलाय म्हणून कळवलं आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. कुणीतरी गंगाखेडला ही बातमी नेली असणार. एका सकाळी दार वाजलं. मी उठत नाही म्हटल्यावर बाहेरून कडी हलवल्याचा आवाज आला, आणि तुम्ही आत आलात. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, कुणब्यासारखं, हातात धोतराच्या फडक्यात बांधलेलं ज्वारीचं पीठ. मी उठून बसले. मला वाटलं धाकट्याचं काही झालं. तुम्ही सरळ चुलीपाशी गेलात, काड्या शोधल्यात, डबे उघडून बेसन काढलंत. तुम्ही पिठलं हाटताय आणि मी उंबऱ्यात उभी आहे, हे मला आत्ताही समोर दिसतंय. भाकर थापताना तुमचे हात किती सराईत होते. मग ताट माझ्यापुढं सरकवून तुम्ही ओरडलात, "पोरगी मेली का काय, चूल बंद करायला? जिथं गेली तिथं दोन घास खायलीच असंल की. खा."

मी खाल्लं. खाता खाता विचारलं, नाना, तुमचं व्रत? तुम्ही म्हणालात, मोडलं, उद्या गंगेत बुडी मारून पुन्हा धरीन. मग मी म्हणाले, लग्नाला नाही आलात ते. तुम्ही तवा उतरवत होता. "लग्नात सगळं गाव होतं, माझ्यावाचून काय अडलं? आज तुझ्यापाशी कुणी नव्हतं." आणि जरा वेळानं, माझ्याकडं पाठ करून, "देवबिव काही नाही ग. थकलो होतो. थकलो म्हणलो असतो तर कुणी ऐकलं असतं का? देवाचं नाव घेतलं म्हणून सोडलं मला लोकांनी." मी तुम्हाला राहा म्हणाले. एक दिवस तरी राहा. तुम्ही उपरणं डोक्याला बांधायला लागला होता. "राहिलो तर राहूनच जाईन. संध्याकाळची गाडी आहे, हे बघूनच सकाळी पाय उचलला."

घरी तुम्ही सांगून आला होता की आज घाटावर दिवसभर जप आहे, जेवायला वाट पाहू नका. धाकट्याला हे कधी कळलं नाही. स्टेशनवरच्या लोकांनी तुम्हाला ओळखलंच असेल, गाडीत ओळखलं असेल, पण कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पाया पडत राहिले. मीही कुणाला सांगितलं नाही, आजवर. तुम्ही गेलात तेव्हा गावानं म्हटलं, ओढ्यापलीकडे पाऊल न टाकता सुटले. मी मान हलवली.

तर आता माझं. भावजयीनं हाक मारलीय. माणसं तिथं आहेत, शेजार आहे, गडी आहे, पण त्याच्यापाशी कुणी नाही, हे मला पत्र वाचलं त्याच क्षणी कळलं होतं. बाकी सगळा वेळ मी ते न कळल्यासारखं करत होते. जावई म्हणतात, तिकडं मोगलाईत दंगलीचे दिवस आहेत, जरा थांबा. त्यांना मी उद्या सांगणार आहे की जागा धरा. जाण्याची एक, आणि परतीचीही विचारून ठेवा म्हणून. धाकट्याला जेवू घालीन, चार शब्द बोलायला लावीन, भावजयीला हाताखाली कुणी बाई लावून देईन, आणि निघेन. तिथं पाऊल टाकल्याबरोबर कुणाला हे सांगणार नाही. त्यांना वाटेल ताई कायमची आली. तुम्ही जप म्हणालात, तसं मी हे.

हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही. माझी चांगली लुगडी आणि तुमचं पितळेचं फुलपात्र मी लेकीच्या ट्रंकेत तळाशी घालतेय, त्यांच्याखाली हे ठेवीन. लेकीनं पाहिलं तर विचारील, आई, चांगलं नेसायचं सगळं इथंच ठेवलंस. तिला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. तुम्हाला मात्र सांगते, नाना. तुम्हाला संध्याकाळच्या गाडीची खात्री होती. मला नाही. तो अंथरुणातून अडखळत ताई म्हणेल, आणि मी उठेन ती तिथलीच होऊन जाईन, याचीच भीती वाटतेय. लुगडी ठेवलीत ती एवढ्यासाठीच, की माझं काहीतरी इथं वाट बघत असावं.