नोंदवहीची मालकी

अड्याळ, गुरुवार

प्रिय उर्वशी,

अभ्यासिकेच्या कॉम्प्युटरवरचा, नको त्या साइट अडवणारा फिल्टर सुरू झाला. तू पाठवलेली कमांडची ओळ जशीच्या तशी टाकली. चार दिवस मुलींना अभ्यासिकेत नेट नव्हतं. फिल्टर थांबला की सगळंच थांबेल, असंच तू बसवून दिलं होतंस. खुशबूच्या नर्सिंगच्या फॉर्मची मुदत परवा संपते. तिचे वडील तेजरामभाऊ दारातूनच म्हणाले, "फिल्टर हाय म्हणून पोरीले धाडतो मॅडम, नाही तं..." पडद्यावर सारखं 'परमिशन डिनाइड'.

घाबरून मी सगळ्यांना सगळी मुभा देणारा ७७७ चा हुकूम टाकणार होते. तू लिहिलंस, "आई, तसं नको करू! कुलूप उघडत नाही म्हणून दारच काढून ठेवतं का कोणी? अन् लॉगले हात कायले लावला?" पाच महिन्यांतलं तुझं हे सगळ्यात लांब बोलणं. मी 'चुकून' म्हणून मोकळी झाले.

चुकून नव्हतं गं. मुली काय काय उघडतात ते मला बघायचं होतं. सुडो, म्हणजे मुख्य मालकाचा अधिकार, लावून फिल्टरची नोंदवही, तो लॉग, तिथून उचलली, जागी कोरी फाइल ठेवली. घरी चष्मा लावून वाचत बसले. नर्सिंगचे फॉर्म, मेंदीच्या डिझाइनी, आणि पाळीच्या दुखण्यावरची एक साइट, अकरा वेळा. रोज समोर बसणाऱ्या पोरींपैकी एकीनंही मला विचारलं नव्हतं. सुडोनं केलेली ती कोरी फाइल मात्र रूटच्या, म्हणजे त्या मुख्य मालकाच्या, मालकीची झाली. फिल्टरला स्वतःच्याच वहीत लिहिता येईना, म्हणून तो बंद पडला. तुझी ओळ एवढंच करत होती: ज्याची वही, त्याला परत.

एंटर दाबला, घरी आले आणि साड्यांचं कपाट उघडलं. होळीला आली होतीस तेव्हा तू तुझी रोजनिशीची निळी वही घरभर शोधलीस. मीही तुझ्याबरोबर पलंगाखाली वाकून शोधली. ती माझ्या साड्यांखाली होती. तीत वाचलेलं कुंदनचं नाव बाबांना गावातल्या कोणी सांगितलं नाही, मी सांगितलं. तेव्हापासून तू मला फक्त कमांड लिहितेस. वही कोशाच्या रेशमी दोऱ्यानं बांधून सोबत पाठवतेय. सगळी वाचली आहे, खोटं बोलत नाही. यापुढे तीत माझ्याबद्दल काय लिहितेस, ते मी विचारणार नाही. पार्सल पोचलं, एवढं मात्र कळव.

तुझीच,
आई