विम्याच्या पैशात निघालेले कांदे

बेडलिंग्टन, ३ जून २०१९

ती. विनीताईस,
कथबर्टचा साष्टांग दंडवत. गुडघे वाकत नाहीत, तेव्हा तो कागदावरच मान्य करावा.

काम असं, की माझं एक जुनं क्रेडिट कार्ड होतं. २००१ साली ते मी बंद करून कात्रीने कापलं होतं. त्यावर दरमहा हप्त्याचा विमा कापला जायचा. नोकरी गेली तर बँक हप्ते भरणार म्हणे. विमा घेतला नाही तर कार्ड मिळायचं नाही, असं बँकेतल्या बाईने तेव्हा ठासून सांगितलं होतं. अगं, मी तेव्हा घरोघरी खिडक्या पुसत होतो! मला कामावरून काढणार कोण? मीच! असे गळ्यात मारलेल्या विम्यांचे पैसे आता परत मागता येतात, पण मुदत ऑगस्टअखेरची आहे. तू शाळेच्या कचेरीत जन्म काढलास, अर्ज तूच लिही.

तुझ्या मायेच्या सावलीतला,
कथबर्ट

व्हिटली बे, ९ जून

चि. कथबर्टास अ. उ. आ.

अर्ज लिहिला. 'नोकरी गेल्यास काय केले असते' या रकान्यात तू फोनवर सुचवलेलं 'स्वतःलाच शिव्या दिल्या असत्या' हे वाक्य गाळलं आहे. बँकेकडून खात्याचे जुने कागद मागवले आहेत. ते माझ्या पत्त्यावर येतील, कारण तुझा कुत्रा टपाल खातो. कागद आले की अर्ज रवाना करते. औषध वेळेवर घे. मटणाचे पॅटिस रोज खाऊ नकोस.

तुझी ताई,
विनी

व्हिटली बे, १८ जुलै

चि. कथबर्टास अ. उ. आ., पण आज जरा हात आखडून.

कागद आले. विमा दरमहा कापलेला स्वच्छ दिसतो. शिवाय आणखी एक नोंद दिसते: ११ सप्टेंबर १९९८, संडरलंडचा भाजीवाला, साठ पौंड. बाबा रे, साठ पौंडांची कसली भाजी खाल्लीस? दुसऱ्याच दिवशी आपल्या क्लबात घरच्या बागेत पिकवलेल्या लीकचं प्रदर्शन होतं. कांद्याच्या त्या लांबोडक्या भावंडांत तुझा पहिला नंबर आला, माझा दुसरा. एकवीस वर्षं प्रत्येक नाताळात जेवताना तू मला ते ऐकवत आला आहेस.

अर्ज पाकिटात आहे. तिकीट लावलेलं नाही.

विनी

बेडलिंग्टन, २२ जुलै

ती. ताई,
दंडवत, आणि कान धरलेले समजावेत.

माझी लीक आदल्या आठवड्यात गोगलगायींनी फस्त केली होती. पोसलेली लेकरंच ती! मला तोंड दाखवायला जागा उरली नव्हती, म्हणून विकत आणली. पण ताई, क्लबाच्या भिंतीवर माझा फोटो आहे. कळलं तर तिथे मला पाणीसुद्धा कोणी विचारणार नाही. आपल्यातच ठेव. तिकीट लाव ना गं.

लज्जित,
कथबर्ट

व्हिटली बे, २५ जुलै

चि. कथबर्टास,
आधी क्लबात उभा राहून खरं सांग, मग तिकीट. माझा दुसरा नंबर तुझ्यामुळे आला हे जगाला कळायलाच हवं. मुदतीला महिना आहे, धीर गोळा करायला तेवढा पुरे.

तुझ्या भल्यासाठीच कठोर,
विनी

बेडलिंग्टन, १२ ऑगस्ट

ती. ताई,
सांगितलं. क्लबात सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं.

अध्यक्ष हेपलने चष्मा पुसला आणि हळूच विचारलं, की संडरलंडचा म्हणजे तो जाड भुवयांचाच ना? मी हो म्हणालो. मग तो म्हणाला, की २००३ साली तोही त्याच्याचकडे गेला होता. त्याच्यामागून खजिनदार उठला. मग एकेक करत सगळेच उठले! बसून राहिला एकटा आल्डर्सन, दरवर्षी शेवटचा येणारा. तो बिचारा खरोखरच पिकवत होता.

चषक तिथल्या तिथे त्याला दिला. म्हातारा ढसाढसा रडला. पण डोळे पुसल्यावर त्याने विचारलं, की इतक्या वर्षांच्या बक्षिसांचं काय? दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन दारात हजर! हेपलचा बक्षिसाचा फ्रीज गेला, माझा १९९८च्या पहिल्या नंबराचा सोफा गेला. हे पत्र उलट्या बादलीवर बसून लिहितो आहे. पण रात्री झोप लागते, हे खरं. आता तरी तिकीट लाव.

कथबर्ट

व्हिटली बे, ९ ऑक्टोबर

चि. कथबर्टास अनेक, अगदी मनापासून आशीर्वाद.

बँकेने चूक कबूल केली. व्याजासकट तेराशे बारा पौंड तुझ्या खात्यात येतील. आधी सोफा घे. बादलीवर बसण्याचं तुझं वय नाही.

तू इतक्या लोकांसमोर उभा राहिलास, त्याचा मला अभिमान वाटला. तेव्हापासून मला मात्र झोप नाही, म्हणून लिहिते. त्या ११ सप्टेंबरला सकाळी मीही संडरलंडला गेले होते. भाजीवाल्याने सगळ्यात जाड जोडीचे साठ सांगितले. मी घासाघीस करून त्याखालची चाळिसात घेतली. चिकटपणा नडला, नाहीतर पहिला नंबर माझाच होता. मी रोख दिले, म्हणून कुठल्या कागदावर नाही.

माझ्या दुसऱ्या बक्षिसाचा गालिचा अजून दिवाणखान्यात आहे. माया पातळ होऊ देऊ नकोस, आणि आल्डर्सनला माझा पत्ता देऊ नकोस.

तुझी ताई,
विनी