सुधारित नागरी सेवासूची

३ ऑक्टोबर, सकाळी ७.१५
आजपासून रोजनिशी. हेतू भावनिक नाही. नोंदी असाव्यात, इतकाच. पत्नीच्या निधनास परवा तीन महिने पूर्ण झाले. घर उत्तम चालले आहे. न्हाणीघरातील नळ किंचित गळतो. खाली बादली ठेवली आहे. ती भरण्यास चार तास दहा मिनिटे लागतात. मोजले आहे, म्हणजे परिस्थिती नियंत्रणात आहे.
कन्येचा फोन. "बाबा, मी तीस तारखेला येते. तोवर घर नीट चाललं, तर खुशाल राहा. नाहीतर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. घर बंद. आणि 'चाललंय' म्हणू नका, मी डोळ्यांनी बघणार आहे." अट तत्काळ मान्य केली. हे घर सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. येथील हवा चांगली आहे.
दाराशी पत्नीच्या चपला आहेत. हलविण्याचे कारण आढळले नाही.

४ ऑक्टोबर
शहर झपाट्याने वाढते आहे. समोरच्या मोकळ्या जागेत चार टॉवर उभे राहिले. वाढत्या शहरात कारागिरांना काय तोटा? शिवाय निवृत्तीनंतर या घरात राहावयास आल्यापासून अकरा वर्षांत एकही वस्तू बिघडलेली नाही. श्रेय बांधकामाच्या दर्जास आणि माझ्या देखरेखीस. पत्नीस मी हे वारंवार सांगत असे. ती म्हणे, "हो, तुमचाच पायगुण," आणि पदराने तोंड पुसण्याचे निमित्त करी.
सायंकाळी पाच ते सहा नेहमीप्रमाणे फिरणे. अकरा वर्षांत खंड नाही.

५ ऑक्टोबर
स्वयंपाकघराच्या खणात पत्नीची वही सापडली. कारागिरांचे फोन नंबर, पण क्रम नाही, शिस्त नाही. नमुना: "उंच प्लंबर: दोन रिंग देऊन ठेवणे, तो उलट करतो. ५ ते ६." "कुलूपवाला: फोन उजव्या कानाला धरायला सांगणे, डाव्याने ऐकू येत नाही." "गॅस शेगडी: आधी त्याच्या मुलीच्या परीक्षेचं विचारणे."
संकल्प: या कच्च्या सामग्रीवरून एक सुधारित नागरी सेवासूची सिद्ध करावी. शहरात नव्याने येणाऱ्या कुटुंबांना उपयुक्त. माझा नळ हा त्यातील केवळ प्रायोगिक भाग.

८ ऑक्टोबर
सूची पूर्ण. एक्केचाळीस नोंदी. नाव, व्यवसाय, नंबर. सर्व व्यक्तिगत शेरे वगळले. परीक्षा विभागातील एकतीस वर्षांचा अनुभव कामी आला. एकाच माहितीच्या दोन प्रती ठेवल्यास घोटाळे होतात, म्हणून मूळ वही वर्तमानपत्रांबरोबर रद्दीत दिली.
बादली: तीन तास.

९ ऑक्टोबर
सूचीचा प्रत्यक्ष वापर. प्लंबरला चौदा वेळा पूर्ण रिंग दिली. उचलला नाही. कुलूपवाला सहा वेळा "कोण?" म्हणाला व त्याने फोन ठेवला. शेगडीवाल्याने सर्व ऐकून घेतले, "बघतो" म्हणाला. स्वर थंड.
सूचीत दोष नाही. शहरातील माणसे बदलली आहेत.

१२ ऑक्टोबर
ॲपवरून प्लंबर मागविला. वेळेवर आला. त्याच्याकडे प्रमाणपत्र व खर्चाचा लेखी अंदाज मागितला. मग काम नीट दिसावे म्हणून त्याच्या खांद्यावरून टॉर्च धरली. तो म्हणाला, "काका, गाडीतून पाना आणतो जरा." त्यानंतर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.
त्यास एक स्टार दिला. कारणे तीन परिच्छेदांत. नंतर समजले की हे लोक ग्राहकासही स्टार देतात. मला पाचपैकी एक मिळाला. आता ॲप "सध्या कोणी उपलब्ध नाही" असे सांगते. सर्व्हर बिघडला असावा.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
सूची घेऊन वाचनालयातील नागरी माहिती कक्षात गेलो. तेथील बाईंनी चाळली. "टायपिंग सुरेख आहे हो काका. पण कोण खरंच येतो, कोणाला कधी फोन करायचा, हे कुठंय?" तसले शेरे हेतुपुरस्सर वगळल्याचे सांगितले. त्या म्हणाल्या, "अहो, लोकांना तेच तर हवं असतं! आमच्याकडे एक बाई यायच्या, दर गुरुवारी दोन तास. याच खुर्चीत. मळकी वही घेऊन. नवीन बिऱ्हाडं रांग लावायची त्यांच्यापुढे. तीन-चार महिने झाले, दिसल्या नाहीत. आजारी आहेत का, तुम्हाला काही कल्पना?"
चौकशी करून कळवितो, असे सांगितले.
गुरुवारी पत्नीस बाजारात उशीर होत असे. बाजारात गर्दी असते.
चष्मा कक्षातच राहिला.

१७ ऑक्टोबर
रद्दीवाल्याकडे गेलो. वहीची गरज नाही. मूळ प्रत अभिलेखात असलेली बरी, एवढ्यासाठीच. तो म्हणाला, "काका, तुमचा गठ्ठा आठवड्यापूर्वीच गेला. काय होतं त्यात, पॉलिसी?" टिपणे होती, असे उत्तर दिले. "मग जाऊ द्या की." तरीही नऊ गठ्ठे सोडून पाहिले. बसण्यास जागा नसल्याने शेवटी काट्यावर बसलो. तो म्हणाला, "बावन्न किलो. काका, जेवता की नाही?"
वजन कमी होणे आरोग्यास हितकारक असते.
बादली: एक तास पन्नास मिनिटे.

२१ ऑक्टोबर
खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. त्यांच्या छतातून पाणी. "ओट्याशी छत्री धरून उभी राहते आमची ही. वहिनी होत्या तेव्हा संध्याकाळपर्यंत माणूस यायचा हो." तेव्हा या घरात काही बिघडतच नसे, हे त्यांच्या निदर्शनास आणले. त्यांनी बादलीकडे व नंतर माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "बरं. जेवायला येता का?"
विषयांतर आवडत नाही. गेलो नाही.

२४ ऑक्टोबर
संकल्प: स्वावलंबन. नळदुरुस्तीवरील तीन व्हिडिओ पाहिले, टिपणे काढली. टाकीचा कॉक गंजलेला, फिरत नाही. कारण कळत नाही, देखरेख माझीच होती. पाना लावला. नळाची मूठ हातात आली.
मूठ सुस्थितीत आहे.
बादली: अकरा मिनिटे. गजर लावून उठतो.

२८ ऑक्टोबर
कन्येचा फोन. घर कसे आहे, असे विचारले. "कोरडे," असे सांगितले. "मग मागे पाणी कसलं वाजतंय?" समोरच्या टॉवरमध्ये कारंजे बसविल्याचे सांगितले. तिने विषय बदलला. मग म्हणाली, "बाबा, आईच्या साड्या मी आणि तुम्ही मिळून आवरू. एकट्याने नका करू."
साड्या आवरण्याजोग्या नाहीत. त्या व्यवस्थितच आहेत.

२९ ऑक्टोबर, दुपारी ३.४०
माझा फोन बादलीत पडला. नाइलाजाने पत्नीचा फोन घेतला. तो मी रोज चार्ज करीत असे, ते बॅटरी खराब होऊ नये म्हणून. त्यावरून "उंच प्लंबर" लावला. तिसऱ्याच रिंगला उचलला.
"बोला वहिनी! आज दोन रिंगांवर ठेवला नाही? म्हणजे मोठं काम दिसतंय. किती दिवसांनी! म्हटलं विसरल्या आम्हाला."
माझ्या तोंडून "हं" इतकेच आले.
"नळच ना? तुमच्या घरात दुसरं काय रडणार! पाचला येतो, नेहमीसारखा. पण साहेब फिरायला गेले की मगच हां वहिनी. त्यांचा पाय बाहेर पडल्याशिवाय मी जिना चढायचा नाही. तुम्ही इथं राहायला यायच्या आधी, घराचं काम चालू असताना, माझ्या उस्तादाची परीक्षाच घेतली होती त्यांनी, टॉर्च धरून. शेगडीवाला तर अजून सांगतो सगळ्यांना. आवाज बसलाय वाटतं तुमचा? जपा."
फोन ठेवला.
गीझर. शेगडी. कुलूप. अकरा वर्षे, पाच ते सहा.

सायंकाळी ४.५०
बूट घातले. बादली रिकामी केली. दार ओढून घेतले, कुलूप लावले. तिच्या चपला एका बाजूला सरकविल्या, त्याच्या पायात येऊ नयेत म्हणून. प्लंबर आज नक्की येणार. कन्या उद्या येईल तेव्हा घर कोरडे असेल. योजना यशस्वी.

सायंकाळी ५.०५, समोरच्या टॉवरबाहेरील बाकावर
तो आला. खरोखरच उंच आहे. येथून आमचा जिना व दार स्पष्ट दिसते. त्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली, केसांवरून हात फिरविला, बेल वाजविली. थांबला. पुन्हा वाजविली. दाराला कान लावून आत पाणी पडते आहे ते ऐकले.
माझ्या खिशात तिचा फोन दोनदा वाजला आणि थांबला.
तो कुलुपाकडे पाहतो आहे. दार कोण उघडणार, याचा विचार मी निघण्यापूर्वी केला नव्हता.