लिम्निओनाची पहिली बाटली

अबू हमूर, दोहा
शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

प्रिय अलेक्स,

सहा वर्षांनी तुझी मेल आली. देवकृपेने आम्ही बरे आहोत. माझी हॉस्पिटलची ड्युटी तीच. तुझी भाची कॅरिना बारावीत गेली; मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. आज चर्चमध्ये मिस्साला गेले तर पार्किंगसाठीच अर्धा तास फिरत होते.

लिम्निओना ही द्राक्षाची जात तुमच्या तिकडच्या गावातून जवळजवळ संपलीच होती म्हणतोस. कुणा म्हाताऱ्याच्या कुंपणाला उरलेल्या नऊ वेली, त्यांच्या काड्यांपासून तू केलेली कलमं, आणि आता पहिली लाल वाइन बाटलीत! पप्पांनी अख्ख्या वसईला फोन करून सांगितलं असतं. माझ्याकडे राहायचे तेव्हा सूक वाकिफ बाजारातल्या फळवाल्याकडे द्राक्षाचा एक मणी चाखायचे आणि म्हणायचे, "गोड आहे, पण नुसतंच गोड. अलेक्सचं द्राक्ष असं नसणार."

मेलच्या शेवटी तू विचारलंस, "पप्पांनी जाताना माझी आठवण काढली का?" चार दिवस मी या प्रश्नाला बगल देत लिहितेय आणि फाडतेय.

पप्पा झोपेत गेले, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. ते नऊ दिवस इथल्या आयसीयूत होते, त्यातले सात शुद्धीवर. रोज विचारायचे, "अलेक्सला कळवलंस?" मी म्हणायचे, "कळवलंय, निघालाय." मी कळवलंच नव्हतं. तीन वर्षं त्यांचं सगळं मी केलं आणि त्यांच्या तोंडी नाव तुझं. उद्या करीन फोन, उद्या करीन, असं करत राहिले.

सातव्या दिवशी म्हणाले, "मार्च चालू आहे ना? त्याची कलमं बांधायची वेळ. येऊ नको म्हणावं, वेली सुकतील."

मला सुटल्यासारखं वाटलं, अलेक्स. दुसऱ्या दिवसापासून ते बोललेच नाहीत.

आणि वसईला दफनाच्या वेळी, सगळ्यांसमोर, मीच तुला म्हटलं, "बापापेक्षा तुला काड्या मोठ्या." तू त्याच संध्याकाळी निघून गेलास.

बाटली पाठवू का, असं विचारलंस. इथे कस्टमवाले सोडणार नाहीत. मीच येते. सुट्टीचा अर्ज टाकलाय, व्हिसाचे कागद जमवतेय. तू नको म्हणालास तर खलास, रद्द करीन.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, असं लिहिणार होते. पण नाही चालणार. खूप आठवण येते तुझी.

तुला सात दिवस दूर ठेवणारी,
तुझीच बहीण,
उर्सुला