बारीक दाण्याचं नातो

देवळाई, औरंगाबाद
२४ एप्रिल २०१६

प्रिय मंदार,

फोनवर आपलं बोलणं दोन मिनिटांत संपतं, म्हणून पत्र. घटस्फोटानंतर हे पहिलंच.

आधी तुझ्या आईंची बातमी. तू टोकियोत कायमचा राहिलास तेव्हापासून त्या माझ्याकडंच आहेत, त्याला दोन वर्षं झाली. जानेवारीत त्यांना न्यूमोनिया झाला होता, हे तुला माहीत आहे. त्यातून बऱ्या झाल्या, पण अन्नावरची वासनाच उडाली. वरण नको, दूध नको. वजन अडतीस किलोवर आलं. एका सकाळी अंथरुणातूनच त्यांनी विचारलं, "मंदार तिकडं न्याहारीला काय खातो गं?" मी म्हटलं, "नातो. आंबवलेलं सोयाबीन. तार सुटते त्याला, आणि वासही असतो." "मग तेच कर." मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

कोर्टाच्या शेवटच्या तारखेला आलास तेव्हा तू आणलेल्या नातोच्या डब्यांपैकी एक डबी फ्रीजरच्या तळाशी राहिली होती. तेच विरजण झालं. सोयाबीन आवडाबाईंनी आणलं. त्या माझ्याकडं पोळ्या करायला येतात. शेंद्र्याला त्यांची निम्मी जमीन कारखान्यांसाठी गेली, आणि उरलेल्या तुकड्यात गेल्या वर्षी पाऊसच नाही, त्यामुळं दाणा मुगाएवढा राहिला. मोंढ्यात व्यापाऱ्यानं हातही लावला नाही. "असलं कोण खातंय, ताई?" असं त्या म्हणाल्या. पण नातोला बारीकच दाणा चांगला, असं मी वाचलं होतं.

फेब्रुवारीतला पहिला प्रयत्न वाया गेला. दाणे भिजवले, चिमटीत चिरडतील इतके कुकरला शिजवले, गरम असतानाच तुझ्या डबीतलं चमचाभर नातो कालवलं आणि वर फडकं बांधलं. तेव्हा हवेत गारठा होता. दुसऱ्या दिवशी हाती आले ते नुसते ओले, आंबूस दाणे. मार्चमध्ये टँकरच आठ दिवस आला नाही, तेव्हा सोयाबीन भिजवायचा विषयच नव्हता. देवळाईत नळ अजून पोचलेला नाही, इमारती मात्र चढतच आहेत. आता भिजवणाचं पाणी बादलीत धरते आणि संडासात वापरते.

एप्रिलच्या उन्हानं काम सोपं केलं. गच्चीच्या जिन्यात पारा चाळीसवर असतो, वीज गेली तरी बिघडत नाही. एका दिवसात दाण्यांवर पांढुरकी साय धरली, चमच्याला तार आली. आवडाबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "ताई, नासलंय हे. लई वास मारतंय." आईंनी ताट पुढं ओढलं. कांदा, मीठ, लिंबू घालून ज्वारीच्या भाकरीबरोबर पहिला घास घेतला आणि तो बराच वेळ चावला. "वाईट आहे," म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला. त्या दिवशी अर्धी भाकरी संपली. आता रोज एक संपते. परवा वजन एक्केचाळीस भरलं. आवडाबाईंनी अजून चव घेतलेली नाही.

गुरुवारी पुण्याच्या वृद्धाश्रमाचा फॉर्म आला. तू तो भरून पाठवला आहेस, फक्त माझी सही हवी, असं सोबतच्या चिठ्ठीत आहे. मी कॉलेजात शिकवत होते, पाकीट आईंनी उघडलं. 'सध्या कोणाकडे राहतात' यापुढं तू माझं नाव घातलंस आणि 'नातं' या रकान्यात 'परिचित' लिहिलंस. मी घरी आले तेव्हा त्या चष्मा लावून तेवढीच ओळ वाचत होत्या. त्यांनी माझ्याकडं पेन मागितलं, तो शब्द खोडला आणि विचारलं, "काय लिहू?" मग त्यांनी स्वतःच 'घरची' असं लिहिलं आणि फॉर्म माझ्या हातात दिला. मी सही केलेली नाही. फॉर्म सोबत परत पाठवते आहे. आश्रमातली ती जागा दुसऱ्या कुणाला मिळू दे.

नुसतीच,
नीरजा