नकाशाखालची टीप

दि. १९ जून, गुरुवार
दुपारचे दोन

चि. सूनबाईस,

अनेक शुभाशीर्वाद. तुझ्या भावाच्या घरी तू व छकुली सुखरूप असाल अशी आशा करतो. तिचा खोकला थांबला का? मायन्यात 'सौ.' लिहिले नाही, ते अनवधानाने राहिलेले नाही. लेखणी तेथे बराच वेळ अडली. त्या अक्षराने तुला बरे वाटेल की जखमेवर मीठ चोळल्यासारखे होईल, हे ठरवता येईना. म्हणून जागा रिकामी सोडली.

त्यापुढची ओळही अशीच अडली. पन्नास वर्षे मी प्रत्येक पत्र 'इकडील सर्व क्षेम' या शब्दांनी सुरू करीत आलो. आज ते शब्द लिहिण्यास हात धजत नाही.

प्रथम बातम्या. माझा गुडघा आहे तसाच आहे. गॅलरीतल्या तुझ्या कुंड्यांना मी पाणी घालतो. एक मात्र वाळली. चिरंजीव वेळेवर कामाला बसतो, वेळेवर जेवतो. रहिवासी मंडळाचा चिटणीस म्हणून त्याचा मान वाढला आहे. सर्वांशी मृदू बोलतो.

पोलिसांच्या त्या नकाशाविषयी लिहायचे आहे. तूच गेल्या वर्षी तो माझ्या टॅबलेटवर उघडून दिलास, अक्षरे मोठी केलीस आणि म्हणालीस, "बाबा, अफवांपेक्षा हे बरं. कुठे काय घडलं, पोलिसांनी त्याचं काय केलं, सगळं दिसतं." तेव्हापासून सकाळचे स्तोत्रपठण आटोपले की खाली बाकावर बसून मी तो शेजाऱ्यांना वाचून दाखवतो. लाल बिंदू चोरीचा, निळा वाहनाचा, जांभळा घरातल्या मारहाणीचा. निवृत्त टपालमास्तर त्याला 'बुवांचे नकाशापुराण' म्हणतात, आणि दातांच्या डॉक्टरीणबाई दवाखाना उघडण्यापूर्वी श्रवणाला येतात.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी, तीन तारखेला, आमच्या गल्लीत जांभळा बिंदू उमटला. तो समोरच्या शिंप्याच्या खिडकीला टेकून होता. मी वाचले : घरातील मारहाण, तक्रार नोंद, तपास सुरू.

टपालमास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "शिंप्याच्या दारातच की हो. वाटलं नव्हतं."

"वाटेल अशी माणसं मारत नाहीत, मास्तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "न वाटणारीच मारतात."

मी पुढचा बिंदू वाचला. कुणाची तरी सायकल गेली होती.

नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक टीप आहे. संबंधितांची ओळख उघड होऊ नये म्हणून बिंदू नेमक्या घरावर ठेवला जात नाही, गल्लीतल्या एका ठरावीक जागी ठेवला जातो. आमच्या गल्लीतली ती जागा म्हणजे शिंप्याच्या खिडकीपुढचा दिव्याचा खांब. मूळ वाचून टीप गाळणारा तो अर्धा वाचक, आणि अर्धा वाचक निरक्षराहून घातक, असे मी आयुष्यभर वर्गात बजावत आलो. ती टीप मी पहिल्याच दिवशी वाचली होती. बाकावर मात्र वाचून दाखवली नाही.

पुढचे सारे त्या गाळलेल्या ओळीतून निघाले. जिन्यात बायकांनी शिंपिणीला गाठले. "खरं सांग, हात उचलतो का तुझ्यावर?"

ती हसत सुटली. "अहो, हात कसला उचलतोय? त्याला कात्री उचलायला दहादा सांगावं लागतं. माझ्या बोटाला सुई टोचली तर हाच फुंकर घालत बसतो."

बाकावर या हसण्याचा अर्थ डॉक्टरीणबाईंनी लावला : "मार खाणारी असंच हसते." त्या आठवड्यात शाळेने गणवेशांचे काम शिंप्याकडून काढून घेतले. येत्या रविवारी मंडळाची सभा आहे. त्या कुटुंबाची भाड्याची मुदत वाढवू नये असा ठराव यायचा आहे, आणि ठराव मांडणार आहे चिटणीस. तुझा नवरा. सभेची सूचना त्याने माझ्यासमोर, जेवणाच्या टेबलावर बसून लिहिली. मध्येच त्याने विचारले, "बाबा, 'अशोभनीय'मधला नी ऱ्हस्व की दीर्घ?"

मी सांगितले, दीर्घ. एवढेच सांगितले.

येथे थांबावे लागले. चिरंजीव आज घरूनच काम करीत आहे. तो खोलीत आला. मी पत्रावर पोथी ओढून घेतली.

"कुणाला एवढं लांबलचक?"

"जुन्या विद्यार्थ्याला."

"हिला लिहीत असाल तर लिहा की. परत ये म्हणावं, झालं ते झालं. तुमचं ऐकेल ती." माझ्या खांद्यावर हात ठेवून तो अगदी हळू बोलला. बोलणे संपले तरी हात तेथेच होता. "आणि बाबा, पोलिसांचा फोन आला तर मला द्या. तुम्हाला उगाच त्रास नको."

तो गेल्यावर पाहिले तर ओली शाई पोथीच्या पानाला लागली होती. या वयात, या घरात, पोथीआड लपून खोटे बोललो.

प्रकरण बंद करण्याआधी पोलीस घरी एकदा विचारतील हे त्याला माहीत आहे, कारण आज सकाळी नकाशावरच्या त्या बिंदूची नोंद बदलली : साक्षीदार उपलब्ध नाही, प्रकरण बंद करण्याचा विचार. ते वाक्य मी बाकावर मोठ्याने वाचले. टपालमास्तर म्हणाले, "सुटला म्हणायचा शिंपी." मला पुढे वाचवेना. घसा बसल्याचे निमित्त करून उठलो आणि जिन्यातूनच ठाण्यात फोन लावला. सांगण्यात आले की उद्या दुपारी तुझी तक्रार बंद होईल. मग तुझ्या दुखावलेल्या मनगटाला आणि छकुली तुझ्याजवळ ठेवण्याच्या तुझ्या मागणीला कागदावर काही आधार उरणार नाही.

ग्रंथालयात जातो असे सांगून निघत आहे. उरलेले तिकडून लिहीन.

सायंकाळचे पाच, पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यातला बाक

जाता जाता शिंप्याचे दार वाजवले. तो मशीन थांबवून उठला. मी उभ्यानेच सांगितले की तो बिंदू आमच्या घराचा आहे, तुमच्या नव्हे, आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

तो गळ्यातली टेप गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "आम्हालाही ठाऊक होतं, बाबा. आवाज तुमच्या खिडकीतून यायचा. पण मी बोललो असतो तर लोक म्हणाले असते, शिंपी स्वतःचं दुसऱ्याच्या अंगावर ढकलतोय. म्हटलं, तुम्ही शिकलेले, देवाधर्माचे. तुम्हीच बोलाल."

'यायचा' म्हणाला तो. 'आला' म्हणाला नाही. या दोन क्रियापदांतले अंतर मी हजार मुलांना फळ्यावर लिहून शिकवले आहे. एकदा घडून गेलेल्या गोष्टीला कुणी 'यायचा' म्हणत नाही.

बाकावर टपालमास्तर होते. त्यांना ती टीप वाचून दाखवली आणि बिंदू कुणाचा तेही सांगितले. त्यांनी टॅबलेट माझ्या हातातून घेतला, टीप स्वतः पुन्हा वाचली आणि म्हणाले, "एवढे दिवस तुम्ही ही ओळ खाल्लीत, बुवा?" मी हो म्हणालो.

ठाण्यात समोर आली ती त्या दिवशी आपल्याकडे आलेलीच पोलीसबाई. तिने जुना कागद काढला. "आजोबा, दार तुम्हीच उघडलंत. काय झालं विचारलं तर म्हणालात, सर्व क्षेम आहे. मला तो शब्द नीट कळला नाही. कानावर आलं तसं लिहून घेतलं."

कागदावर लिहिले होते : 'वृद्ध गृहस्थ सांगतात, सर्व शेम आहे.'

दुसऱ्याच्या लेखनातली चूक दिसली की माझा हात आपोआप पेनकडे जातो, हे तू जाणतेस. आज तो गेला नाही. त्या कागदावर तेवढीच नोंद शुद्ध होती.

आता जबानीत जे सांगितले ते तुला माझ्या हातचे कळले पाहिजे. दार अर्धे उघडे होते. त्याने तुझे मनगट चौकटीत धरले आणि दार लोटले, दोनदा. तू 'बाबा' अशी हाक मारलीस. ती हाक मला होती. मी दहा पावलांवर आसनावर बसलो होतो आणि मला सर्व दिसत होते. सूनबाई, मी पठणाचा आवाज वाढवला. तुझी हाक बुडावी म्हणून देवाचे नाव मोठ्याने घेतले. तुला ते ऐकू आले असणार. मग तू न्हाणीघरात कडी लावून पोलिसांना फोन केलास, कारण घरात हाक मारण्याजोगे कुणी उरले नव्हते.

पाहूनही न बोलणाऱ्या साक्षीदाराला धर्मशास्त्राने खोटे बोलणाऱ्याच्याच पंगतीत बसवले आहे. हे मी इतक्यांना समजावून सांगितले की ते माझ्याविषयी असू शकेल असे कधी मनातही आले नाही. त्या दिवसापासून ते स्तोत्र मला पूर्ण म्हणता येत नाही. तिसऱ्या ओळीपाशी तुझा आवाज येतो.

पोलीसबाईने विचारले, "ऐकलं लिहू की पाहिलं?"

"पाहिलं."

"मुलगा आहे तुमचा. उद्या फिरवणार नाही ना शब्द?"

"नाही."

तिने सर्व वाचून दाखवले, मी सही केली. नकाशावरची नोंद आठवड्याभरात बदलेल म्हणते. मग ती हळूच म्हणाली, "आज घरी जाऊ नका, आजोबा." टपालमास्तरांना फोन केला, ते न्यायला येत आहेत. दरम्यान चिरंजीवाचे सात फोन येऊन गेले आणि एक निरोप : 'बाबा, घरी या. बोलू.' तो किती हळू बोलेल ते मला माहीत आहे. रविवारच्या सभेत मात्र मी त्याच्या समोर उभा राहीन.

दहा दिवसांपूर्वी मी तुला लिहिले होते की संसार म्हणजे सोसणे, सांभाळून घे, परत ये. ते पत्र फाडून टाक. परत येऊ नकोस. मी बोलावले तरी येऊ नकोस. तुझी क्षमा मागत नाही. मागितली तर ती देण्याचा भार पुन्हा तुझ्यावरच पडेल. छकुलीला माझ्याविषयी काय सांगायचे ते तू ठरव. जे सांगशील ते खरे असेल.

आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार आज मला उरलेला नाही, म्हणून नात्याने सही करीत नाही.

तुझ्या तक्रारीतील
साक्षीदार क्रमांक एक