तयार म्हणा

सोमवार

ठक, ठक-ठक. तिसरीत गुरुजी बोटांच्या पेरांनी टेबलावर असा ठेका धरायचे आणि आम्ही पोरं त्यावर डुलत म्हणायचो:

नदी म्हणाली डोंगराला, जाऊन येते गावा,
माझ्यामागे जपून ठेव दगडाखालचा पावा.

आज गोदामातल्या वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी पेनानं टेबल वाजवलं आणि मी पुन्हा तिसरीत जाऊन बसलो! या वयात नव्यानं विद्यार्थी होण्याची काय मौज आहे म्हणून सांगू. मुलगा म्हणाला होता, बाबा, घरात बसून कविता म्हणा की, हमाली कशाला? पण भिंतींना तरी किती ऐकवणार!

नवं निळं जाकीट, जाड तळव्यांचे बूट. खोकं उचलताना गुडघ्यात वाकायचं, पाठ ताठ, खोकं पोटाशी. नातीला उचलतो तस्संच. शेजारी एक शिंपी आहेत, दुकान बंद करून आलेले. अखंड टकळी. आमच्या हिला आयुष्यभर मला गप्प करता आलं नाही, म्हणतात.

मंगळवार

कानाला लावायचं यंत्र मिळालं. ते ओळ आणि खण सांगतं. आपण तिथं जाऊन फळीवरचे आकडे मोठ्यानं वाचायचे. मग ते किती नग हवेत ते सांगतं. उचलले की म्हणायचं, तयार. ‘थांबा’ म्हणालं तर जागचं हलायचं नाही, कारण मागून गाडी येत असते. सवय अशी लागली पाहिजे की डोकं लागता कामा नये, असं बाई म्हणाल्या.

आधी यंत्राला आपल्या आवाजाची ओळख करून द्यावी लागते. माझं वाचन ऐकून बाई म्हणाल्या, आजोबा, किती गोड आवाज, आणखी काहीतरी म्हणा ना. मी आपला हुरळलो. अख्खी कविता म्हटली, ठेक्यासकट.

तीच नातीकडून पाठ करून घ्यायची आहे. सोमवारी शाळेत म्हणणार आहे ती. वाचता येत नाही अजून, एकेक अक्षर लावते. तेव्हा सगळी भिस्त माझ्यावर.

बुधवार

शिंपीबुवांची चाचणी झाली. पहिले आले. अभिनंदन करायला गेलो, तर माझ्याकडे पाहून म्हणाले, तयार. थट्टा वाटली. चहा घेणार का, विचारलं. तयार.

संध्याकाळी नातीला घेऊन बसलो. नदी म्हणाली... पुढचा शब्दन् शब्द आठवत होता. तोंडातून निघाले ते ओळ-खणाचे आकडे. ती खो-खो हसली. एरवी मीही हसलो असतो.

गुरुवार

शिंपीबुवा विश्रांतीच्या खोलीत बाकावर बसून आहेत. अंगात कालचाच शर्ट. घरी गेलेलेच नाहीत. बाई मात्र सांगत होत्या, त्यांच्या बायकोचा फोन आला होता. आमचे हे किती छान बोलायला लागलेत, रात्री जेवताना हसवून हसवून पुरेवाट केली, म्हणत होती.

मी बाकाकडे बोट दाखवलं. बाईंनी पाहिलं. म्हणाल्या, आजोबा, उद्या तुमची चाचणी, नीट झोप घ्या.

भीती वाटायला हवी होती. पायाला मुंग्या आल्यावर चिमटा काढून बघावा, तसं मन चाचपलं. काही नाही.

शुक्रवार

चाचणी. एकही चूक नाही.

शेवटी शेवटी कानातला आवाज बदलला. म्हातारा, गोड, जरासा घोगरा. माझा. तो सांगेल तिकडे मी जात राहिलो. बाईंनी टाळ्या वाजवल्या. आभार मानायला तोंड उघडलं — तयार.

बाकावर शिंपीबुवांशेजारी जागा होती. बसलो नाही. घरी आलो. सून म्हणाली, बाबा, काय झालं निकालाचं? — तयार. घसा बसलाय वाटतं, म्हणाली. गरम पाणी दिलं.

लिहिता येतं अजून. तेवढं आहे.

शनिवार, दुपार

मुलगा-सून कामावर. घरात मी आणि नात. कविता लिहून दिली तिला. पहिल्याच ओळीवर बोट ठेवून बसलीय बिचारी —

ठक, ठक-ठक.

दारावर. त्याच ठेक्यात. नदी म्हणाली डोंगराला — सगळी, न अडखळता. माझ्याच आवाजात.

नात उठली. आजोबा आले, म्हणते. मी इथं, तिच्यासमोर — माझ्याकडे पाहिलं तिनं. अनोळखी माणसाकडे पाहावं तसं.

नको, म्हणायला गेलो. तयार.

उठलो. बाहेरून — थांबा. पाय जागीच. हात तेवढा चालतोय.

मोठ्या अक्षरांत लिहून वही तिच्यापुढं धरली — दार उघडू नकोस. बोट ठेवून लावतेय. दा... र. दार! उ... घ... — कळलं म्हणाली. पळाली —

कडीला हात पुरत नाही. स्टूल ओढतेय —

बाहेर कविता थांबली. आता मायेनं, अगदी माझ्यासारखंच — एक नग.

माझं तोंड उघडतंय — दाबून धरलंय डाव्या हातानं — ओठ हलतायत — त —